पारडं बदलून बघ

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि काल सकाळी चष्मा पुसून पुन्हा वाचला. फोनवर एवढं मोठं उत्तर टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. नातू पानांचे फोटो काढून तुला पाठवेल.

यंदा कानबाईला, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, घरी येणार नाही असं तू लिहिलंयस. बाबांना तू सांगितलंस की माझा देवावर विश्वास उरलेला नाही, खोटे खोटे हात जोडायला मी बसणार नाही. ते म्हणाले, देवच नाही म्हटल्यावर उद्या खोटं बोलायला, कुणाला बुडवायला तुला कोण अडवणार? तुला उत्तर सुचलं नाही. होस्टेलवर गेलीस तर तिथं मैत्रिणीनं दुसऱ्या बाजूनं टोचलं. तुझं विज्ञान तरी काय, तीही श्रद्धाच. तुम्ही प्रयोगशाळेवर ठेवता, आम्ही देवळावर. तिथंही तू गप्प. आणि आता मला विचारतेस, "आबा, मग ज्ञानाला आणि चांगुलपणाला शेवटी आधार कशाचा?"

धीर धर वगैरे सांगायला मी बसलेलो नाही. कुणाला लुबाडू नये हे तुला पटलेलंच आहे, नाहीतर दोन रात्री जागली नसतीस. तुझा घोटाळा दुसरीकडे आहे. तू 'शेवटी' हा शब्द वापरलास. त्या एका शब्दानं मीही तरुणपणी पुष्कळ भोवंडलो होतो, म्हणून आधी त्याचा निकाल लावू.

चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो हे तुला माहीत आहे. बाजारातल्या भाजीवालीचं किलोचं वजन खरं कशावरून? त्यावर माझा शिक्का आहे म्हणून. मी शिक्का कशावरून मारला? माझ्याजवळच्या वजनाशी ताडून पाहिलं म्हणून. ते खरं कशावरून? दरवर्षी ते खात्याच्या प्रयोगशाळेत जायचं, वरच्या दर्जाच्या वजनाशी जुळवलं जायचं आणि दाखला घेऊन परत यायचं. ते वरचं वजन त्याच्याही वरच्याशी. अशी शिडी चढत चढत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. आपल्या देशाचा किलो तिथं ठेवलाय, त्याचा क्रमांक ५७. तो खरा कशावरून? पॅरिसजवळ काचेच्या झाकणांखाली प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल होता, १८८९ पासून साऱ्या जगाचा किलो तो. आणि तो खरा कशावरून? इथं शिडी संपते. सगळ्यांनी मिळून त्यालाच किलो म्हणायचं ठरवलं होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांनी हे समजावलं तेव्हा मला गरगरलं होतं. एवढे खटले, एवढे दंड, एवढा रुबाब, आणि खाली नुसतं 'ठरवलं'!

पुढचं ऐक. शंभरेक वर्षांत त्या दंडगोलाची त्याच्याच जुन्या प्रतींशी तुलना झाली तेव्हा सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक निघाला. तो हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगायची सोयच नव्हती, कारण व्याख्येनुसार तो चुकूच शकत नव्हता. शेवटी २०१८ च्या नोव्हेंबरात देशोदेशीच्या प्रतिनिधींनी मतदान करून त्याला निवृत्त केलं. २० मे २०१९ पासून किलो प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. स्थिरांक तू मला शिकव, तुझा विषय आहे. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की जगाच्या किलोचा पाया ज्या दिवशी बदलला त्या दिवशी अमळनेरच्या बाजारात एक वांगंसुद्धा कमी तोललं गेलं नाही. पाया काढून घेतला आणि वरचं काही पडलं नाही. पडलं असतं कसं? वरचं सगळं एकमेकांशी ताडून ताडून उभं राहिलेलं होतं.

तुझ्या मैत्रिणीला यातच उत्तर आहे. हो, मीही विश्वास ठेवला. पॅरिस मी पाहिलेलं नाही, दाखल्यावर भरवसा ठेवला. पण त्या दाखल्यावर तारीख असायची. मुदत संपली की ते वजन माझ्या पेटीत असूनही माझ्या कामाचं नसायचं. कुणालाही, अगदी ज्याच्यावर मी खटला भरला त्या दुकानदारालासुद्धा, कोर्टात उभं राहून म्हणता यायचं की साहेबांचं वजन तपासा. आणि ते तपासावं लागायचं. तिला एवढंच विचार, की तुझ्या विश्वासाला मुदत कधी संपते, आणि तो चुकला असं कुणी दाखवलं तर तू कुठल्या प्रयोगशाळेत नेशील? रागानं विचारू नकोस. खरंच विचार.

आता पाटणची गोष्ट. चाळीसगावला माझी बदली होती तेव्हा एका रविवारी सायकल काढून पाटणादेवीला गेलो. डोंगराच्या कुशीतली ती जागा तू सहलीला पाहिली असशील, पण तिथला शिलालेख कुणी दाखवला नसेल. शके ११२८ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांच्या दरबारातला ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं तिथं मठ काढला. लेख बहुतेक संस्कृतात आहे आणि शेवटच्या ओळी जुन्या मराठीत, मठाला गावानं काय काय द्यायचं त्याच्या. जितके तेलाचे घाणे तितक्या पळ्या तेल. आणि पुढं असं, की जे काही मोजायचं ते मठाच्या मापानं मोजायचं. मापाईतला अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला.

हे एका जाणकारानं मला वाचून दाखवलं तेव्हा मी तिथंच ओट्यावर बसलो. आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशात ग्रहगणिताची शाळा मापाऱ्याच्या मजुरीतून चालत होती! आपण कुणीतरी क्षुद्र कामाचे नोकर आहोत असं मला तोवर वाटायचं. त्या दिवसापासून वाटलं नाही.

आणि त्या शाळेत काय शिकवत असतील? 'सिद्धांतशिरोमणी', भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेला. त्याच्या गोलाध्यायात तुझाच प्रश्न आहे. पृथ्वीला आधार कशाचा? लोक म्हणत शेषाचा, कुणी म्हणत हत्तींचा. भास्कराचार्य म्हणतात, पृथ्वीला उचलणारं काही मूर्त धरलंत तर त्याला उचलणारं दुसरं लागेल, त्याला तिसरं, आणि याला अंत नाही. कुठंतरी थांबून 'हा शेवटचा मात्र स्वतःच्या शक्तीवर उभा आहे' असं म्हणावंच लागणार असेल, तर ते पहिल्यालाच का म्हणू नये? पृथ्वीच स्वतःच्या शक्तीनं आहे असं का मानू नये?

हे तुझ्या बाबांच्या वाक्याला लावून बघ. खोटं का बोलू नये? देवाला आवडत नाही म्हणून. देवाचं का ऐकावं? तो चांगला आहे म्हणून. तो चांगला आहे हे तू कशावरून ओळखलंस? म्हणजे चांगलं काय हे तुला आधीच कळत होतं! मधला हत्ती काढला तरी चालतं. वादात जिंकायचं म्हणून हे बाबांना सांगू नकोस. तू तुझ्यापुरतं समजून घे.

हे काही परदेशातून आलेलं खूळ आहे असंही कुणी तुला सांगू देत. आपल्या जैन शेजाऱ्यांकडं बघ, जगाचा कर्ता ते मानत नाहीत, आणि सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही न घेणारे त्यांच्यात आहेत. बुद्धानं कर्त्यावाचून करुणा शिकवली. एवढंच काय, वेदाच्या एकेका अक्षरासाठी भांडणारे मीमांसकसुद्धा जग निर्माण करणारा ईश्वर मानत नव्हते. आणि माणसं त्यावाचून नीतीनं वागलीच नाहीत असं म्हणायला बाबांना जीभ रेटणार नाही.

मग आधार नाही तर आहे काय? इथं माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी पत्र संपेपर्यंत म्हणत राहणार आहे. तू कंटाळलीस तरी.

तराजू खरा की खोटा हे ओळखायची सगळ्यात जुनी रीत तुला दाखवली होती, आठवतं? तू सहावीत होतीस. डाव्या पारड्यात वजन, उजव्यात गूळ, काटा बरोबर मधोमध. मग मी दोन्ही उचलून जागा बदलल्या आणि काटा एकदम कलला. दांडीची एक बाजू तसूभर लांब होती. कुणी पारड्याखाली पासंग लावलेला असू दे, कुणी दांडीत खोट ठेवलेली असू दे, पारडं बदललं की उघडं पडतं. त्यासाठी पॅरिसचा किलो लागत नाही. शुद्ध सोन्याचा तराजूही लागत नाही. त्याच खोट्या तराजूनं त्याचीच खोट दाखवता येते. हे मला आजही नवल वाटतं.

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात, प्रतापशेठनी १९१६ साली काढलेल्या, मी निवृत्तीनंतर कधी कधी जाऊन बसायचो. तिथं येणाऱ्या एका वृद्ध शास्त्रीबुवांना मी ही पारड्याची गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, तुमचा तराजू गौतम ऋषींच्या न्यायसूत्रात आहे. बौद्ध विचारवंत नागार्जुनानं विचारलं होतं की तुम्ही प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, सगळं सिद्ध करता, मग ती प्रमाणं कशानं सिद्ध करता? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अंत नाही. आणि न्यायसूत्रात दृष्टांत आहे तो तराजूचाच. तराजूनं सोनं तोलतात, पण ठाऊक वजनाच्या सोन्यानं दुसरा तराजूही तपासता येतो. जे मोजतं ते कधी मोजलंही जातं. कुणी कायमचा साहेब नाही, कुणी कायमचा मुद्देमाल नाही. आणि खरं ज्ञान कुठलं? ज्याच्यावर भिस्त ठेवून पाऊल टाकलं तर काम होतं ते. मृगजळानं तहान भागत नाही, पाण्यानं भागते.

उन्हाळ्यात तापीच्या पात्रातून चालणाऱ्या माणसाला हे शास्त्रीबुवांनी सांगावं लागत नाही. पण मला बरं वाटलं.

हे झालं ज्ञानाचं. आता चांगुलपणाचं. आणि इथं मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी तुझ्या बाबांनाही सांगितलेली नाही.

आपल्याकडं अख्खी गाडी तोलणाऱ्या भुईकाट्याला धरमकाटा म्हणतात. केवढा मोठा शब्द! नोकरीला दहाएक वर्षं झाली होती. माझ्या हद्दीत एका व्यापाऱ्याचा असा धरमकाटा होता. गाव सांगत नाही, नावही नाही. कमानीवर देवीचं नाव. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्या लोकांना त्याच्या अंगणात जेवण, पाणी, पाय चोळायला तेल. ढोंग नव्हतं त्यात, मी त्याचे भरलेले डोळे पाहिलेत. वर्षाची तपासणी करायला मी पोचलो तोवर दिवस कलला होता, हमाल निघून गेलेले. चारही कोपऱ्यांवर वीस-वीस किलोची वजनं रचून बघायची असतात. मी शून्य पाहिलं, जवळच्या एका कोपऱ्यावर थोडी वजनं ठेवून पाहिली. काटा बरोबर. त्यानं प्रसाद हातावर ठेवला. मी शिक्का मारला.

तीन महिन्यांनी एक शेतकरी कचेरीत आला. भुईमुगाच्या शेंगांची गाडी दोन ठिकाणी मोजून आणलेली, चौदा किलोचा फरक. मी त्याला म्हणालो, बाबा, त्यांच्याकडं असं व्हायचं नाही, तुझं कुठंतरी चुकलं असेल. तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सायेब, तुम्ही काटा देखा का मानूस देखा?" आणि निघून गेला.

पुढच्या वर्षी पूर्ण तपासणी केली. लांबच्या कोपऱ्याखालच्या तरफेची धार झिजली होती, भार पडला की कमी दाखवायचा. वर्षभरात तिथून किती गाड्या गेल्या ते मी त्यांच्या वहीतून मोजायला बसलो आणि निम्म्यातच वही मिटली. त्या व्यापाऱ्याला खोट माहीत होती का? चाळीस वर्षं मी याचा विचार करतोय. माहीत होती असं धर, तर त्याच्या भक्तीनं त्याला अडवलं नाही. माहीत नव्हती असं धर, तर त्याची भक्ती अगदी निर्मळ होती आणि तरीही शेतकऱ्याच्या शेंगा गेल्याच. दोन्हीकडून उत्तर एकच येतं. देवीला काटा तपासता येत नव्हता, ते काम माझं होतं, आणि मी माणसाची श्रद्धा बघून शिक्का मारला.

त्या शेतकऱ्याला मी पुढं खूप शोधलं. सापडला नाही.

याच्यातून तू 'बघा, देवभोळे असेच' असा अर्थ काढलास तर मला वाईट वाटेल. त्याच बाजारात एक मापारी होता, गळ्यात माळ. आडत्यानं त्याला दर पोत्यामागं ओंजळभर जादा ओढायला सांगितलं. तो म्हणाला, माळ घातलीय, हात चालणार नाही. त्याचं काम गेलं, दोन महिने तो विटा वाहत होता. आणि आमच्याच खात्यात एक जण होता, देवाधर्माची चेष्टा करणारा, वाचन मोठं, बोलणं ऐकत राहावं असं. पाकिटं घेण्यात तो सगळ्यांच्या पुढं. तेव्हा नास्तिक असणं हा काही शिक्का नाही, बेटा. तुझ्या मेसेजमध्ये कुठं कुठं मला तशी ऐट दिसली. ती काढून टाक. 'मी मानत नाही' एवढ्यानं तुझा काटा तपासला जात नाही.

त्या मापाऱ्याला माळेनं बळ दिलं, हे मी मान्य करतो. विटा वाहायचं बळ माझ्यात होतं की नाही, सांगता येत नाही. श्रद्धा बळ देते. पण माप देत नाही. तेच बळ चुकीच्या मापाच्या मागंही तितकंच उभं राहतं. साने गुरुजींचं बघ, आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून ते उपोषणाला बसले. दहा दिवस. दार अडवणारे बडवेही विठ्ठलाचेच आणि उपाशी बसलेले गुरुजीही विठ्ठलाचेच. दोघांची श्रद्धा खरी. मग एकाला दार बंद ठेवावंसं का वाटलं आणि एकाला उघडावंसं? श्रद्धेच्या वहीत याचं उत्तर मिळणार नाही, दोन्ही पानांवर तेच नाव आहे. मला वाटतं, गुरुजी पायरीच्या बाहेर जाऊन उभे राहिले. पारडं बदलून बघितलं. तिथून काटा कसा दिसतो ते कळल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

तू म्हणशील, पण पारडं बदलून बघावं हे तरी कशावरून? तू हुशार आहेस, हे विचारशीलच. ज्याला बघायचंच नाही त्याचं काय? त्याला मी वाद घालून कधीच हरवू शकलो नाही. त्याच्यावर खटले भरले. देवाच्या भीतीनंही तो सुधारत नाही हे तर पाहिलंच. 'पारडं बदलून बघ' याच्या खाली आणखी एक वजन ठेवायला माझ्याकडं नाही, आणि ठेवलं तर त्याच्या खाली तू पुन्हा दुसरं मागशील. पृथ्वीला हत्ती नको म्हणालो ते इथंही लागू आहे. बायकोनं केलेल्या भाकरीचा घास मोडताना ती जेवली का हे विचारावंसं वाटतं, त्याला मी कुठलं प्रमाण देऊ?

मात्र स्वतःला सोडून बाकी सगळ्यांचे काटे तपासत सुटणं हाही एक रोग आहे. तो मला लागला होता.

त्या शेतकऱ्याच्या वाक्यानं मी असा पेटलो की पुढची वीस-पंचवीस वर्षं मी कुणाला सोडलं नाही. खात्यातले लोक तोंडावर हट्टी म्हणायचे, मागं काय म्हणायचे ते सोड. चार बदल्या झाल्या, दर वेळी पोरांच्या शाळा बदलल्या, तुझ्या आजीनं एकदाही तक्रार केली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी किराणा होता. दिवाळीच्या तोंडावर मी तिथं गेलो, आणि पाच किलोच्या वजनाच्या बुडातलं शिसं गळून गेलेलं, साठ ग्रॅम कमी. इतर कुणाला मी सोडलं नसतं. मग भावजींना कसं सोडायचं? जप्ती केली, खटला भरला. दुकानावर गर्दी होती, सगळ्या गावानं पाहिलं. अकरा वर्षं बहीण आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नाही. आपल्याकडं आखाजीला लेक माहेरी येत नाही म्हणजे काय, हे तुला पुण्यात बसून आठवत असेल. झोका बांधलेला असायचा आणि आई दारात बसून राहायची.

मी चूक केली नाही. आजही तेच म्हणेन. वजन कमी होतं, गिऱ्हाइकाला साठ ग्रॅम कमी जात होते, कायदा बहिणीच्या घराला वेगळा नसतो. हे मी अकरा वर्षं आईला सांगत राहिलो, बायकोला सांगत राहिलो, आणि आता तुलाही सांगतोय. पण वीस घरं सोडून आधी तिथं दिवाळीच्याच आठवड्यात मी का गेलो? नोटीस देऊन आठ दिवसांत वजन दुरुस्त करून घ्या म्हणता आलं असतं की नाही? आलं असतं. इतरांना मी कितीदा तसं म्हटलं होतं. माझा प्रामाणिकपणा गावाला दिसावा म्हणून मी बहिणीच्या घराचा उपयोग केला, हे मला आई गेल्यावर सुचलं. पारडं बदलून बघा असं जगाला सांगणाऱ्या माणसानं भावजींच्या गल्ल्याजवळ उभं राहून एकदा बाहेर पाहिलं नव्हतं.

म्हणून तुझ्या कानबाईबद्दल बोलतोय.

हात जोडू नकोस, वाटत नसेल तर. खोटे हात जोडणं हे कमी वजनच आहे, त्यात मी तुझ्या बाजूचा. पण घरी ये. तुझ्या आईच्या जागी उभी राहून बघ. श्रावणातला तो एक रविवार, आदल्या दिवसापासून तिचे हात पुरणात, बांगड्या वाजवत सासू-नणंदांबरोबर गाणी, आणि एकुलती मुलगी 'तत्त्वासाठी' पुण्यात. तुझ्या तत्त्वात तिचं वजन किती धरलंस? मी माझ्या आईला कधीच सांगितलं नाही की माझा विश्वास गेलाय. कानबाईच्या प्रसादाचा रोट खाल्ला, जागरणाला बसलो, मिरवणुकीत चाललो. त्याला तू भ्याडपणा म्हणशील. मी त्याला तसं म्हणत नाही, पण ती बरोबर काय होतं ते ओळखून होती असं आता वाटतं, कारण एकदा कानबाईच्या नारळाला साडी नेसवता नेसवता ती मला म्हणाली होती, "जे शे ते शे, जे नही ते नही. तू फक्त मापमा पाप करू नको." तिच्या लेखी देव आणि माप या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पोरगा दुसरीत चुकला नाही तर पहिलीबद्दल ती वाद घालणार नव्हती. शाळा तिनं पाहिली नव्हती. आम्ही लहान असताना शेर जाऊन किलो आले, तेव्हा नऊशे तेहतीस ग्रॅमच्या शेराचे हिशेब ती बोटांवर किलोत करून द्यायची, आणि बाजारातल्या बायका तिच्याकडून खात्री करून घ्यायच्या.

बाबांचंही बघ. 'तुला कोण अडवणार' हे ते रागानं बोलले. त्यांना खरंच असं वाटतं का, की तू कुणाला बुडवशील? मी त्यांना तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. त्यांना भीती आहे की तू परकी होशील. तू त्यांच्या वाक्याला तत्त्वज्ञानाचं उत्तर शोधत बसलीस.

आणि भांडायचंच असेल तर खऱ्या जागी भांड. आपल्याकडं रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ मोजतात. तुझ्या धाकट्या भावाची मूठ पडते, तुझी पडत नाही. मी आयुष्यभर मापं तपासली, दरसाल ती मूठ डोळ्यांसमोर पडताना पाहिली, आणि माझ्या स्वतःच्या मुलीची मूठ का नाही हे एकदाही विचारलं नाही. देव आहे की नाही यावर बाबांशी बोलण्यापेक्षा हे विचार. गहू मोजताना आईजवळ बस आणि शांतपणे म्हण, माझीही एक टाक. कानबाई स्वतः बाई आहे, ती हरकत घेईल असं मला वाटत नाही. भाऊबंद घेतील. घेऊ देत.

शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं निघालीस तर सकाळी पोचशील, गहू तोवर दळून झालेले असतील. म्हणून शुक्रवारीच नीघ. बहीण सध्या माझ्याकडं राहायला आलीय, भावजी गेल्यापासून आखाजीला येते ती महिनाभर राहते, यंदा श्रावणातही आलीय. तुला बघायचंय म्हणतेय. जुनं पाच किलोचं ते वजन, बुडात शिसं नसलेलं, तिनं अजून जपून ठेवलंय. येताना ते घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवलं, एक शब्द न बोलता. मी ते तिथून हलवलेलं नाही.

तुझा,
आबा